साठ टचडाउनचे मानकरी : लुइझियाना स्टेटचा २०१९ चा मोसम

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये पासिंगचे, म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकून कापलेल्या अंतराचे, सर्व विक्रम क्वार्टरबॅक या एकाच खेळाडूच्या नावावर नोंदले जातात. २०१९ च्या मोसमात लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक जो बरो याने १५ सामन्यांत ५२७ पैकी ४०२ पास यशस्वी केले, त्यांतून ५,६७१ यार्ड मिळवले आणि ६० टचडाउन पास फेकून हवाई विद्यापीठाच्या कोल्ट ब्रेननचा २००६ मधील ५८ चा विक्रम मोडला. याच बरोने आदल्या वर्षी, याच संघाकडून खेळताना, संपूर्ण मोसमात केवळ १६ टचडाउन पास दिले होते आणि त्याचे जेमतेम ५८ टक्के पास यशस्वी ठरले होते. एका वर्षात एखाद्या खेळाडूचा हात चौपट तरबेज होत नाही, त्यामुळे या झेपेचे कारण त्याच्या हाताइतकेच त्याच्याभोवती उभ्या असलेल्या माणसांत शोधावे लागते.

या खेळात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानावर असतात आणि चेंडू ज्याच्या ताब्यात आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट, पुढे सरकावे लागते. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की सहा गुणांचा ‘टचडाउन’ होतो. मधोमध उभा असलेला सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, तो क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि पुढचा निर्णय त्याने दोन-तीन सेकंदांत घ्यायचा असतो. सेंटरसह पाच धिप्पाड खेळाडूंची आघाडीची फळी त्याच्यासमोर भिंतीसारखी उभी राहते, रिसीव्हर धावत जाऊन झेल घेतात, रनिंग बॅक चेंडू घेऊन धावतो आणि टाइट एंड प्रसंग पाहून कधी प्रतिस्पर्ध्याला अडवतो तर कधी झेल घ्यायला पुढे सरकतो. आघाडीच्या फळीतील खेळाडूंना नेहमीच्या रचनेत पास झेलण्याची मुभाच नसते, त्यामुळे त्यांच्या नावापुढे ना यार्ड लागतात ना टचडाउन.

नोंदी ठेवण्याची पद्धतही क्वार्टरबॅकच्या बाजूने झुकलेली आहे. पाच यार्डांवर अलगद दिलेला चेंडू झेलून रिसीव्हर आणखी सत्तर यार्ड धावला, तर संपूर्ण पंचाहत्तर यार्ड पासिंगच्या खात्यात जमा होतात. उलट क्वार्टरबॅकला पास देण्यापूर्वीच पाडले, तर महाविद्यालयीन नियमांनुसार त्या पिछेहाटीचे यार्ड पासिंगमधून नव्हे तर धावण्याच्या आकड्यातून वजा केले जातात. क्रिकेटच्या धावफलकावर झेलबाद फलंदाजाच्या नावापुढे झेल घेणाऱ्याचे आणि गोलंदाजाचे अशी दोन्ही नावे एकाच ओळीत येतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र झेल घेणाऱ्याचा हिशेब वेगळ्या रकान्यात जातो आणि अडवणाऱ्याचा हिशेब कुठेच राहत नाही.

आकडा आणि यश यांचा संबंध किती सैल असू शकतो, हे एकाच सामन्यातील सर्वाधिक पासिंगच्या विक्रमातून स्पष्ट होते. ४ ऑक्टोबर २०१४ रोजी वॉशिंग्टन स्टेटच्या कॉनर हॅलिडेने कॅलिफोर्नियाविरुद्ध ७३४ यार्डांचे पास दिले, आणि २२ ऑक्टोबर २०१६ रोजी टेक्सास टेकच्या पॅट्रिक माहोम्सने ओक्लाहोमाविरुद्ध नेमकी तितकीच मजल मारली. पहिला सामना वॉशिंग्टन स्टेटने ६०-५९ असा आणि दुसरा टेक्सास टेकने ६६-५९ असा गमावला. हॅलिडेचे प्रशिक्षक माइक लीच आणि माहोम्सचे प्रशिक्षक, एके काळी लीच यांच्याच हाताखाली खेळलेले, क्लिफ किंग्सबरी हे दोघेही सतत पास देण्याच्या शैलीचे पुरस्कर्ते होते. परंतु स्वतःची बचाव फळी साठ-साठ गुण देत असेल तर क्वार्टरबॅकला अखेरच्या क्षणापर्यंत फेकत राहण्यावाचून गत्यंतर नसते, हेही या आकड्यांमागचे एक कारण होते. सहकाऱ्यांच्या उणिवांनीही विक्रम घडतो तो असा. लुइझियाना स्टेटचे वेगळेपण हे की तेथे विक्रम आणि विजय एकाच वेळी आले.

बॅटन रूज येथील या विद्यापीठाची परंपरा पासची नव्हती. दणकट बचाव आणि जमिनीवरून धावून मिळवलेले यार्ड यांवर संघाची भिस्त असे, आणि प्रशिक्षक लेस माइल्स यांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात तर आक्रमण कालबाह्य झाल्याची टीका नित्याचीच होती. २०१६ मध्ये माइल्स यांना दूर करून लुइझियानाचेच सुपुत्र असलेल्या एड ऑर्जरॉन यांच्याकडे संघ सोपवण्यात आला. ओहायो स्टेटमध्ये राखीव खेळाडू म्हणून बसून राहिलेला बरो २०१८ मध्ये पदवी पूर्ण करून येथे आला, आणि त्या वर्षी संघाने १० सामने जिंकून ३ गमावले. मोसम समाधानकारक होता, पण आक्रमण जुन्याच वळणाचे होते : क्वार्टरबॅकच्या संरक्षणासाठी रनिंग बॅक आणि टाइट एंड मागे थांबत आणि झेल घ्यायला मोजकेच खेळाडू पुढे जात.

जानेवारी २०१९ मध्ये ऑर्जरॉन यांनी व्यावसायिक लीगमधील न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाच्या प्रशिक्षकवर्गातून जो ब्रेडी या २९ वर्षांच्या तरुणाला पासिंगच्या आखणीसाठी आणले. आक्रमणाचे प्रमुख म्हणून स्टीव्ह एन्समिंगर कायम राहिले. ते सत्तरच्या दशकात याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक होते. नव्या आखणीचा गाभा साधा होता. नियमांनुसार ज्या पाच खेळाडूंना पास झेलता येतो, त्या पाचांनाही शक्य तितक्या वेळा पुढे सोडायचे, मैदानाच्या रुंदीभर पांगवायचे आणि बचाव करणाऱ्या संघाला प्रत्येकावर नजर ठेवायला भाग पाडायचे. अनेकदा क्वार्टरबॅकच्या शेजारी रनिंग बॅकही उरत नसे. त्याचा एक परिणाम असा झाला की बरोला चेंडू देण्यासाठी सदैव कोणीतरी मोकळे सापडू लागले, आणि दुसरा असा की त्याच्या रक्षणाची संपूर्ण जबाबदारी समोरच्या पाच जणांवर येऊन पडली. मदतीला मागे कोणी थांबत नसल्याने फळीतील एकाचीही चूक थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर येणार होती.

या फळीत डावीकडून उजवीकडे साडीक चार्ल्स, एड्रियन मगी, सेंटर लॉइड कुशेनबेरी, डेमियन लुइस आणि ऑस्टिन डेक्युलस हे पाच जण होते. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणारा हल्ला अडवण्याचे सर्वांत जोखमीचे काम डाव्या टोकाच्या खेळाडूकडे असते, आणि चार्ल्सला त्या मोसमात सहा सामन्यांना मुकावे लागले. तरीही बदली खेळाडूंना सामावून घेत फळीने आपली घडी मोडू दिली नाही. मोसमाअखेरीस देशातील सर्वोत्तम आघाडीच्या फळीला मिळणारा जो मूर पुरस्कार लुइझियाना स्टेटला मिळाला. हा पुरस्कार एका खेळाडूला नव्हे तर संपूर्ण फळीला दिला जातो. संघाच्या परंपरेत १८ क्रमांकाची जर्सी निःस्वार्थी वृत्तीच्या खेळाडूला सन्मानाने दिली जाते; त्या वर्षी तिच्या मानकऱ्यांत कुशेनबेरी होता, पण नियमांनुसार आघाडीच्या फळीतील खेळाडूला तो क्रमांक वापरता येत नसल्याने त्याने आपल्या नेहमीच्या जर्सीवर १८ आकड्याची पट्टी लावून सामने खेळले.

रिसीव्हरांचे त्रिकूट हे या आक्रमणाचे दुसरे बळ होते. जामार चेस, जस्टिन जेफरसन आणि टेरेस मार्शल हे तिघेही लुइझियानाचेच, आणि तिघेही २०१८ मध्ये संघात होते; मात्र तेव्हा चेसच्या नावावर २३ झेल आणि ३१३ यार्ड एवढीच जमा होती. २०१९ मध्ये त्याने ८४ झेलांतून १,७८० यार्ड आणि २० टचडाउन मिळवले, सर्वोत्तम रिसीव्हरचा बिलेट्निकॉफ पुरस्कार जिंकला आणि आग्नेयेकडील विद्यापीठांच्या बलाढ्य साउथईस्टर्न कॉन्फरन्समधील यार्ड आणि टचडाउन या दोन्ही बाबतींतील मोसमाचे विक्रम आपल्या नावावर केले. जेफरसनला नव्या रचनेत मैदानाच्या कडेवरून आत, फळीच्या जवळ उभे करण्यात आले. तेथे त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बचावपटूला कडेच्या रेषेचा आधार मिळत नाही आणि रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी वळता येते, याचा पुरेपूर लाभ घेत त्याने १११ झेल, १,५४० यार्ड आणि १८ टचडाउन केले. पायाच्या दुखापतीने काही सामने हुकूनही मार्शलने १३ टचडाउन नोंदवले. तिघांच्या टचडाउनची बेरीज ५१ होते. एकावर दोघांनी पहारा ठेवावा तर दुसरा मोकळा सुटे आणि दोघांना बांधून ठेवावे तर तिसरा, अशी बचाव करणाऱ्यांची कोंडी सबंध मोसमभर कायम राहिली.

ही यंत्रणा कशी चालते याचे सर्वांत ठळक दर्शन ७ सप्टेंबर रोजी ऑस्टिन येथे टेक्सासविरुद्धच्या सामन्यात घडले. अखेरच्या मिनिटांत लुइझियाना स्टेट ३७-३१ असे पुढे होते, पण तिसऱ्या प्रयत्नात १७ यार्ड हवे होते. अशा वेळी सावध संघ चेंडू जमिनीवरून नेऊन घड्याळ पळू देतो. प्रशिक्षकांनी मात्र पास पुकारला. टेक्सासने क्वार्टरबॅकला गाठण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त माणसे पुढे धाडली, फळीने त्यांना हवा तेवढा क्षणभर थोपवून धरले, बरो अंगावर येणाऱ्या हातांतून डावीकडे निसटला आणि मैदानाच्या मध्यभागी मोकळ्या झालेल्या जेफरसनकडे त्याने चेंडू फेकला. जास्त माणसे हल्ल्यासाठी पुढे आल्यामुळे मागे जागा रिकामी पडली होती. जेफरसनने झेल घेतला, तो वळला आणि थेट टोकाच्या पट्ट्यात जाऊन पोहोचला. नोंदवहीत ही घटना बरोचा ६१ यार्डांचा टचडाउन पास एवढ्याच शब्दांत उरली. त्यात फळीने मिळवून दिलेला क्षण दिसत नाही, की झेलानंतर जेफरसनच्या पायांनी कापलेले अंतर वेगळे मोजलेले नाही. तो सामना ४५-३८ असा जिंकताना बरोने ४७१ यार्डांचे पास दिले आणि चेस, जेफरसन व मार्शल या तिघांनीही शंभराहून अधिक यार्ड मिळवले.

पासवर भर देणाऱ्या संघाला धावण्याचा धाक कायम ठेवावाच लागतो, कारण पासच येणार हे ठाऊक असलेला बचाव मागे पांगून मोकळ्या जागा बुजवतो. हा धाक बॅटन रूजमध्येच वाढलेल्या, चणीने ठेंगण्या क्लाइड एडवर्ड्स-एलेअरने निर्माण केला. त्याने १,४१४ यार्ड धावून १६ टचडाउन केले आणि शिवाय ५५ झेल घेतले. ९ नोव्हेंबर रोजी टस्कालूसा येथे अलाबामाविरुद्ध, ज्या संघाकडून लुइझियाना स्टेट सलग आठ वेळा हरले होते, त्याने धावण्यातून तीन आणि झेलातून एक असे चार टचडाउन करून ४६-४१ हा विजय खेचून आणला. बरोने त्या दिवशी ३९ पैकी ३१ पास यशस्वी केले. त्यांतील नऊ एडवर्ड्स-एलेअरने झेलले होते, आणि लांबचा रिसीव्हर मोकळा नसताना चार पावलांवर दिलेला असा पास हीच क्वार्टरबॅकच्या यशाच्या टक्केवारीची खरी पुंजी असते. टाइट एंड थॅडियस मॉस २०१८ मध्ये दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता. २०१९ मध्ये ४७ झेल आणि ५७० यार्ड मिळवून त्याने आपल्या स्थानासाठीचे विद्यापीठाचे विक्रम मोडले, आणि तरीही आडवे येणाऱ्यांना अडवण्याचे मेहनतीचे काम सोडले नाही.

बचाव फळीचा वाटा याहून आडून आलेला, पण मोजता येण्याजोगा आहे. ब्रेननने आपले ५८ टचडाउन १४ सामन्यांत केले होते आणि बरोला १५ सामने मिळाले. कॉन्फरन्सचा अंतिम सामना आणि त्यानंतर राष्ट्रीय विजेतेपदाच्या दोन फेऱ्या खेळायला मिळणे हे हरत न जाण्याचे बक्षीस होते. डेव्ह अरांडा यांच्या मार्गदर्शनाखालील बचावात सर्वोत्तम बचावपटूचा थॉर्प पुरस्कार जिंकणारा ग्रँट डेल्पिट होता आणि पहिल्याच वर्षी प्रतिस्पर्ध्यांचे सहा पास हिसकावणारा डेरेक स्टिंग्ली होता. ऑबर्नविरुद्ध आक्रमणाला केवळ २३ गुण करता आले, तेव्हा प्रतिस्पर्ध्याला २० वर रोखून याच बचावाने अपराजित मोसम वाचवला.

१४ डिसेंबर रोजी बरोला देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइसमन पुरस्कार १,८४६ गुणांच्या विक्रमी फरकाने मिळाला. दोनच आठवड्यांनी, २८ डिसेंबर रोजी, अटलांटा येथे ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामना होता. तो सुरू होण्याच्या थोडे आधी एन्समिंगर यांना कळले की सामन्यासाठी निघालेले विमान लुइझियानात कोसळून त्यांची सून, क्रीडा पत्रकार कार्ली मॅककॉर्ड, मृत्युमुखी पडली आहे. एन्समिंगर आपल्या जागेवर राहिले आणि आक्रमणाचे डाव त्यांनी नेहमीप्रमाणे पुकारले. पहिल्या अर्ध्या भागातच बरोने सात टचडाउन पास दिले : चार जेफरसनला, दोन मार्शलला आणि एक मॉसला. चेसच्या वाट्याला एकही आला नाही, परंतु देशातील सर्वोत्तम रिसीव्हरला मोकळे सोडण्याची सोय ओक्लाहोमाला नव्हती, आणि जेफरसनला मिळालेल्या मोकळीकीचे एक कारण हेही होते. मांडीच्या दुखापतीमुळे एडवर्ड्स-एलेअर नाममात्रच खेळला, तेव्हा ख्रिस करी या नवख्या रनिंग बॅकने त्याची उणीव भरून काढली. अंतिम गुणसंख्या ६३-२८ होती.

१३ जानेवारी २०२० रोजी न्यू ऑर्लिन्स येथील अंतिम सामन्यात क्लेमसनच्या बचावाने सुरुवातीला या आक्रमणाला खरोखरच जखडून टाकले आणि १७-७ अशी आघाडी घेतली. क्लेमसनने सलग २९ सामने जिंकलेले होते. त्यानंतर चेसवर एकट्या बचावपटूला सोडण्याची त्यांची चाल अंगलट आली : त्याने नऊ झेलांत २२१ यार्ड आणि दोन टचडाउन घेतले, मॉसने दोन आणि मार्शलने एक टचडाउन केला, एडवर्ड्स-एलेअर ११० यार्ड धावला आणि लुइझियाना स्टेटने ४२-२५ असा विजय मिळवला. बरोचे ४६३ यार्ड आणि पाच टचडाउन पास सहकाऱ्यांच्या कामगिरीतून उभे राहिले होते. संघाच्या मोसमाची बेरीज ७२६ गुणांवर पोहोचली आणि तोही राष्ट्रीय विक्रम ठरला.

याचा अर्थ बरोचे श्रेय कमी लेखावे असा नव्हे. पाच पर्याय समोर उभे करणारी रचना त्या पाचांतून योग्य पर्याय निमिषार्धात निवडणारा माणूस मागते. ५२७ प्रयत्नांत त्याचे केवळ सहा पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागले, आणि अंगावर धावून येणाऱ्याकडे न पाहता नजर पुढे ठेवण्याची हिंमत कोणताही प्रशिक्षक कागदावर आखून देऊ शकत नाही. सहकाऱ्यांनी उघडलेल्या वाटा त्याने वाया जाऊ दिल्या नाहीत, हे त्याचे स्वतःचे कर्तृत्व होते. मात्र त्या वाटा त्याने एकट्याने उघडल्या नव्हत्या.

ही घडी मोडल्यावर काय झाले, हे त्याहून बोलके आहे. एप्रिल २०२० मध्ये व्यावसायिक लीगने या एका संघातून १४ खेळाडू निवडले. बरो पहिल्या क्रमांकावर गेला, जेफरसन आणि एडवर्ड्स-एलेअर पहिल्याच फेरीत गेले, आणि फळीतील चार्ल्स, कुशेनबेरी व लुइस यांनाही स्थान मिळाले. ब्रेडी आणि अरांडा यांनी नवी पदे स्वीकारली, चेसने महामारीच्या मोसमात न खेळण्याचा निर्णय घेतला, आणि आदल्या वर्षी एकही सामना न हरलेल्या विद्यापीठाने २०२० मध्ये पाच सामने जिंकले व पाच गमावले.

बरोचा ६० चा विक्रम दोन वर्षे टिकला. २०२१ मध्ये वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ६२ टचडाउन पास आणि ५,९६७ यार्ड अशी दोन्ही शिखरे गाठली. झॅपी त्याच वर्षी ह्यूस्टन बॅप्टिस्ट विद्यापीठातून तेथे आला होता, आणि तो एकटा आला नव्हता : ह्यूस्टन बॅप्टिस्टमधील आक्रमणाचे प्रमुख झॅक किटली आणि जेरेथ स्टर्न्ससह काही रिसीव्हरही वेस्टर्न केंटकीत दाखल झाले होते. स्टर्न्सने त्या मोसमात १५० झेल आणि १,९०२ यार्ड नोंदवले, म्हणजे झॅपीच्या विक्रमी यार्डांपैकी जवळजवळ एक तृतीयांश यार्ड त्याच्या एकट्याच्या झेलांतून आले. विक्रम मोडायचा तर सोबतचा संघच उचलून न्यावा लागतो, हे वेस्टर्न केंटकीने ओळखले होते. नोंदवहीत या विक्रमासमोर एकच नाव लिहिले जाते, परंतु इतिहासकाराने ते संघाच्या संपूर्ण यादीसह वाचले नाही तर विक्रम कसा झाला हे त्याला कधीच सांगता येणार नाही.